ताईंचा फोन आला होता

४ मार्च

माल गेला. चारशे बारा खोकी. सगळं इन्सुलिन.

आणि तेही भरदिवसा, सव्वाअकरा वाजता, सही-शिक्क्यानिशी! कुणी चाकू दाखवला नाही, कुणी कुलूप तोडलं नाही. आमच्या ड्रायव्हरने, मास्तरांनी, स्वतः थंड गाडी गोदामाच्या फलाटाला लावली. सीलचा नंबर मोठ्याने वाचला, समोरच्याने कागदावर ताडून पाहिला, मग सील तोडलं. खोकी मोजून दिली. सही घेतली. येताना टपरीवर चहा पण प्यायले म्हणे.

दीड वाजता खऱ्या गोदामातून फोन — "गाडी कुठाय? वाट बघतोय सकाळपासून."

मी म्हटलं, आलीच असेल की, बाहेर बघा. कारण नकाशावर गाडीचं टिंब तिथेच होतं! सात नंबरच्या फाटकाऐवजी एकोणीस नंबरला, एवढाच फरक. अर्धा किलोमीटर. स्क्रीनवर ते अंतर माशीच्या पायाएवढं दिसतं.

मास्तर आले तेव्हा शीळ घालत आले. मी विचारलं, "तुम्हाला एकोणीसला कुणी पाठवलं?" त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"असं काय करता ताई? तुम्हीच तर फोन केलात."

टाइप करणाऱ्यांचे हात थांबले. पंख्याचा आवाज यायला लागला.

मी फोन केला नव्हता.

५ मार्च

हे पान कशासाठी भरतेय, कळत नाही. पण लिहिते. दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

एकतीस वर्षं त्याच खुर्चीत बसतेय. खुर्च्या तीन बदलल्या, जागा तीच. गाड्या कुठे आहेत, कुठे जायच्यात, काय भरलंय, सीलचा नंबर काय, ते सगळं माझ्याकडे. आणि फोन माझ्याकडे. निम्म्या ड्रायव्हरांनी पहिली दोन-दोन वर्षं माझं तोंड पाहिलं नव्हतं, फक्त आवाज. पूर्वी हातात मोबाइल कुठे होते! रस्त्यावरच्या बूथमधून फोन यायचा, मागे हॉर्न, नाणी पडल्याचा आवाज, आणि "ताई, पोचलो." दोन शब्द. कोण पोचलं हे सांगायचं नाही. मला खोकल्यावरून कळायचं. एक जण फोन उचलला की आधी नाक ओढायचा, एक जण रिसीव्हरवर बोटाने टकटक करायचा. एकाने तर मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातून फोन लावून तान्ह्या पोरीचं रडणं ऐकवलं. म्हणे, "आधी तुम्ही ऐका, मग घरी कळवतो."

आणि आज मी धाकट्या साहेबांसमोर उभी होते, संशयित म्हणून.

हा मुलगा शाळेच्या गणवेशात ऑफिसला यायचा, माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर पाढे लिहायचा. तेराच्या पाढ्याला हमखास अडायचा. आज म्हणाला, "ताई, माझा तुमच्यावर संशय नाही हो. पण विचारावं तर लागतंच ना." आणि हे माझ्याकडे नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणाला.

इन्स्पेक्टर बाई आल्या. कमी बोलतात, बघतात जास्त. औषधवाल्या कंपनीचा माणूसही होता, त्याला नुसता घाम. तो म्हणाला, "बाई, ही खोकी थंडीतून बाहेर काढली की दिवसागणिक मरतात. आणि बाटली बघून कळत नाही हो! तशीच दिसते. चोरबाजारातून कुणी घेतलं आणि टोचलं, तर पाणी टोचल्यासारखं." मग माझ्याकडे वळून — "लहान मुलंही घेतात हे."

मास्तरांना हल्ली कमी ऐकू येतं. म्हणून त्यांच्या मुलीने फोनमध्ये काहीतरी करून दिलंय — आलेला प्रत्येक फोन आपोआप साठतो, मागाहून पुन्हा ऐकता येतो. इन्स्पेक्टर बाईंनी तो सगळ्यांसमोर लावला.

"मास्तर, मी बोलतेय. ऑफिसची लाइन मेलीय, दुसऱ्याच्या मोबाइलवरून करतेय. सात नंबरला वीज गेलीय, थंड खोली बंद पडलीय. माल एकोणीसला उतरवा. माणूस उभा आहे आपला."

"बरं ताई. गुडघा कसाय आता?"

इथे थांबलंय. मोजलं तर चार-पाच सेकंद.

"...बरा आहे. हळू चालवा हं."

संपलं.

माझाच आवाज! अगदी माझा. 'मेलीय' म्हणताना माझा सूर खाली येतो, तसाच त्या बाईचाही आला. धाकट्या साहेबांचा चेहरा उतरला. पण इन्स्पेक्टर बाईच म्हणाल्या, "हल्ली यंत्रावर करतात असले आवाज. कुणाचं पाच-दहा सेकंदांचं बोलणं मिळालं तरी पुरतं. मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्याला त्याच्या मुलाच्या आवाजात लुबाडलं." ऑफिसने एकदम श्वास सोडला. यंत्र! म्हणजे ताई सुटल्या. धाकट्या साहेबांनी स्वतः चहा मागवला.

मी चहा घेतला. मान डोलावली.

यंत्र खोटं बोलण्याआधी आवंढा गिळत नाही.

'मी बोलतेय'च्या आधी एक घोट हवा गिळल्याचा आवाज आहे. अगदी बारीक. कुणाच्या लक्षात येणार नाही. मला तो आवाज मी सात वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे.

धाकटी आहे ती. माझी बहीण.

६ मार्च, सकाळ

रविवार. हे पेपर वाचतायत. मी नुसतीच बसलेय.

आम्हा दोघींना देवाने गळा एकच दिला, हे बाबांचं वाक्य. ते कारखान्यातून शेजाऱ्यांच्या फोनवर फोन करायचे. "कुठली बोलतेस?" आम्ही म्हणायचो, "ओळखा!" एकदाही ओळखलं नाही. पैजा लावून हरायचे बिचारे. आई मात्र ओळखायची. म्हणायची, "धाकटी थाप मारणार असली की आधी गिळते."

आणि ही नोकरी! ही गोष्ट मी आजवर ह्यांनाही सांगितलेली नाही. मोठ्या साहेबांनी जाहिरात दिली होती — फोन घेण्यासाठी बाई पाहिजे. त्यांची पद्धत अशी की आधी फोनवर आवाज ऐकणार, मग बोलावणार. त्याच दिवशी माझा घसा बसलेला! शब्द फुटेना. धाकटीने रिसीव्हर हिसकावून घेतला. एक हात कमरेवर, शेंबडं नाक, वय सतरा — आणि काय बोलली! "हो साहेब. नाही साहेब. वेळेवर येईन साहेब." मोठे साहेब म्हणाले, "आवाजात भरवसा आहे. सोमवारपासून या." फोन ठेवून दोघी जमिनीवर लोळून हसलो. आई विळी घेऊन शेजारी धावत आली, काय झालं म्हणून.

म्हणजे माझ्या आवाजावर सगळे विसंबले, पण पहिला भरवसा तिच्या आवाजावर ठेवला गेला होता.

तिचं लग्न झालं ते ड्रायव्हरशी. आमच्याच कंपनीतल्या. मीच लावून दिली होती त्याला नोकरी. सगळे त्याला हिरो म्हणायचे — गॉगल, गळ्यात रुमाल, केबिनमध्ये आरसा दोन. पण गाडी लोण्यासारखी चालवायचा. मास्तर आणि तो एका गाडीवर जोडीदार. मास्तर तेव्हाही सगळ्यांत जुने. इतरांची पत्रं लिहून द्यायचे, म्हणून मास्तर.

अकरा वर्षांपूर्वी त्या गाडीचं डिझेल कमी भरायला लागलं. दर खेपेला चाळीस-एक लिटर. मीच पकडलं. तेव्हा चोऱ्या तशाच असायच्या — घाटात गाडी रांगायला लागली की मागून ताडपत्री फाडायची, पोत्याला आकडा लावायचा, टाकीत नळी घालायची. मोठे साहेब म्हणायचे, बाहेरच्या चोराला कुलूप, आतल्या चोराला वही. मी वही लावली. मग गाडी तपासायला लावली. हिरोच्या सीटखाली दोन रिकामे डबे निघाले, डिझेलचा वास मारणारे.

"माझे नाहीत," तो म्हणाला. एवढंच म्हणत राहिला. "ताई, माझे नाहीत."

बाकीचे म्हणाले, समज देऊन सोडा. मीच हटून बसले. घरचा म्हणून सोडला असं उद्या कुणी म्हणायला नको! काढून टाकलाच, वर चार ट्रान्सपोर्टवाल्यांना फोनही केले, सावध राहा म्हणून. तेव्हा माझा एक फोन पुरे असायचा. त्याला नंतर कुणी गाडी दिली नाही.

मोठे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "ताईंनी घरच्यालाही सोडलं नाही!" ते वाक्य मी कितीतरी वर्षं बिल्ल्यासारखं मिरवलं.

धाकटी फाटकाशी येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "तुला माणसं नकोतच. तुला रजिस्टर पाहिजे." ते शेवटचं. अकरा वर्षं.

आत्ताच ह्यांनी पेपरातून डोकं काढून विचारलं, "ती औषधं लहान मुलांना पण देतात का गं?"

मी उठतेय.

६ मार्च, संध्याकाळ

क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

पत्ता होता माझ्याकडे. शिवणकामाच्या दुकानावर दोन खोल्या. बावीस पायऱ्या, एका बाजूला कठडा नाही. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच एवढं चढले. दार उघडंच होतं. ती खिडकीपाशी बसून बटणं लावत होती — पन्नास-साठ शर्टांचा ढीग, सगळे एकाच निळ्या रंगाचे. केस पांढरे झालेत तिचे. माझ्याआधी!

वर बघितलं. उठली नाही.

"गुडघा खरंच बरा आहे का?" ती म्हणाली.

अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य! काय काय ठरवून गेले होते. सगळं पायऱ्यांवरच राहिलं.

"बदलला," मी म्हटलं. "डावा. सहा महिने झाले."

"मला कुठे माहीत होतं! तो म्हातारा फोनवर विचारतो, ताई गुडघा कसाय. मी म्हटलं आता काय सांगू? मला तर माहीतच नाही हिला काय झालंय." मग सुई शर्टात खोचून ठेवली. "बस. का उभ्यानेच पकडायला आलीस?"

मी बसले. एकच खुर्ची. ती शर्टांच्या ढिगावर टेकली.

"का केलंस?"

"त्याने सांगितलं, एक फोन कर. ताईचा आवाज काढ. म्हटलं काढायचा कशाला, आहेच." हसली. मग नाही हसली. "खोटं कशाला बोलू. मला पण वाटलं, होऊ दे जरा फजिती. सगळ्यांची पारख करते ना, होऊ दे तिची."

"काय होतं गाडीत माहितेय?"

"खोकी होती. टीव्ही असतील, नाहीतर..."

"इन्सुलिन."

तिला कळलं नाही पटकन. मी सांगितलं. थंडीतून काढलं की मरतं, बाटली बघून ओळखू येत नाही, कुणीतरी विकत घेणार, कुणीतरी लेकराच्या दंडात टोचणार. सांगताना माझाच आवाज मला तिच्या तोंडून ऐकू आल्यासारखा वाटत होता. ती आधी माझ्याकडे बघत होती, मग खाली, शर्टांच्या बटणांकडे.

"खाली शिवणाऱ्या बाईची मुलगी घेते ते," ती म्हणाली. "रोज दोनदा. नऊ वर्षांची आहे. तिचं खोकं माझ्या फ्रिजमध्ये असतं, त्यांच्याकडे फ्रिज नाही."

खालून शिलाई मशिनची घरघर येत होती.

मग ती म्हणाली, "जुना बर्फाचा कारखाना आहे ना, रेल्वेच्या रुळापलीकडे. बंद पडलेला. तिथे आहे माल. यंत्र चालू केलंय म्हणाला, पण धड चालत नाही. मंगळवारी गाडी येणार आहे न्यायला." माझा हात धरला. बोटं टोचलेली, खरखरीत. "ताई, उद्या सकाळपर्यंत थांब. मी त्याला समजावते. तो स्वतःहून जाईल. चोर नव्हता गं तो. गाडीशिवाय त्याला काही येत नव्हतं, आणि गाडी कुणी दिली नाही. वर्षभर हमाली केली, मग ती माणसं भेटली. उद्या सकाळ. फक्त सकाळ."

"बरं," मी म्हटलं.

"शप्पथ?"

"शप्पथ."

बावीस पायऱ्या उतरले. एक पाय, मग दुसरा पाय, मग थांबायचं. प्रत्येक पायरीवर वाटत होतं, थांबू या सकाळपर्यंत. एका रात्रीने काय होणार? दुसऱ्या पायरीवर वाटायचं, यंत्र धड चालत नाही म्हणाली ना ती.

खाली दुकानात ती मुलगी बसली होती. उलट्या पुठ्ठ्यावर चित्र रंगवत होती. मला म्हणाली, "तुम्ही वरच्या मावशींसारख्या बोलता." मी तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते! वरचं सगळं खाली ऐकू येत असणार.

रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत पण गेले नाही. तिथेच, दुकानाच्या फळीला टेकून इन्स्पेक्टर बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. बर्फाचा कारखाना. हिरो. आवाज कुणाचा, तेही.

फोन ठेवून वर बघितलं. खिडकी उघडी होती. ती खिडकीत होती की नाही, ते मी बघितलं नाही. मुद्दाम नाही बघितलं.

७ मार्च

तीनशे सहा खोकी धड मिळाली. एकशे सहा यंत्रापासून लांब ठेवली होती, ती गेली. औषधवाला माणूस म्हणाला, आणखी एक दिवस गेला असता तर सगळीच.

हिरो पळाला नाही. म्हणे कारखान्याच्या ओट्यावर बसला होता. दोन्ही हात पुढे केले.

धाकटीलाही नेलं.

९ मार्च

ऑफिसात पेढीवरच्या लक्ष्मीसारखी वागणूक! खुर्चीवर नवी उशी. धाकटे साहेब म्हणाले, "बाबा असते तर म्हणाले असते, ताईंनी परत एकदा—" मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. एका बिल्टीबद्दल, मालाच्या पावतीबद्दल, काहीतरी विचारलं.

घरी ह्यांना नोकरीची ती गोष्ट सांगितली, घसा बसल्याची. इतके हसले! मग चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "वकील बघू या चांगला. तिच्यासाठी."

मास्तरांना चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय. कागदांपुरतंच, त्यांची काही चूक नाही. पण रिकाम्या बाकाकडे सारखी नजर जाते.

१४ मार्च

नवी पद्धत सुरू झाली. माझीच कल्पना. पत्ता बदलायचा फोन आला — ऑफिसमधून येवो, माझ्या आवाजात येवो, खुद्द मोठ्या साहेबांच्या भुताच्या आवाजात येवो — ड्रायव्हरने फोन ठेवायचा, ऑफिसच्या नंबरवर उलटा फोन करायचा, आणि खूण विचारायची. खूण म्हणजे एक जुनी आठवण. फक्त त्या ड्रायव्हरला आणि मला ठाऊक असलेली. कागदावर लिहायची नाही. (म्हणून इथेही खरी एकही लिहीत नाही, फिरवून लिहितेय!)

धाकटे साहेब म्हणाले, मोबाइलवर आकडे येतील असं काहीतरी करू. मी म्हटलं, तेही करा. पण आकडे चोरता येतात.

तर दिवसभर एकेक जण माझ्या टेबलाशी येऊन, दार लावून, आठवण देऊन गेला. काय दिवस गेला! असा कितीतरी वर्षांत गेला नव्हता. एकाला आठवत होतं, पूर आला तेव्हा तो पुलाच्या अलीकडे दोन दिवस अडकला आणि मी दर तासाला त्याच्या बायकोला फोन करून "आत्ताच बोलले, ठीक आहे" असं खोटंच सांगत होते. मला वाटलं होतं त्याला हे कधीच कळलं नसेल! एक जण म्हणाला, "पहिल्या दिवशी मी गाडी फाटकाला घासली, तुम्ही साहेबांना सांगितलं फाटकच वाकडं होतं." एक नुसताच बसला, लाजला, आणि म्हणाला, "ताई, तुम्ही एकदा मला फोनवर गाडी चालवता चालवता झोपू नये म्हणून गोष्ट सांगितली होती. राक्षसाची. शेवट सांगितलाच नाहीत." मला राक्षस आठवेना! जागच्या जागी शेवट बनवून सांगितला.

संध्याकाळी घसा बसला. सुखाने बसला.

पण जिच्यासोबतची आठवण सगळ्यांत जुनी, ती कोठडीत बसलीय.

२१ मार्च

धाकटी सुटली! माफीची साक्षीदार झालीय. या चोरीमागची बाकीची दोन माणसं तिच्याच जबाबावर सापडली. हिरो आतच आहे, त्याच्यावर खटला चालेल.

मी न्यायला गेले होते. येईल की नाही धास्ती होती. रिक्षात बसली, पदर सारखा केला, बाहेर बघत राहिली. निम्म्या रस्त्यात मी म्हटलं, "मी थांबले नाही. शप्पथ मोडली."

"माहीत होतं मला. तू थांबणारच नव्हतीस." बाहेरच बघत. "म्हणून तर तुला सांगितला पत्ता. माझ्याच्याने झालं नसतं."

२३ मार्च

ती आमच्याकडेच आहे. सकाळी ह्यांनी बाथरूममधून हाक मारली, "टॉवेल!" आतल्या खोलीतून ती म्हणाली, "आणते," स्वयंपाकघरातून मी म्हटलं, "आणते." आत शांतता. मग ह्यांचा आवाज, "एकीने आणा रे बाबा, मला दोन बायका परवडणार नाहीत!"

ती हसली. तीच. जमिनीवर लोळणारी.

नंतर ओट्याशी उभी राहून म्हणाली, "तो खूप वर्षं हेच सांगत राहिला गं, डबे माझे नव्हते. मी पण शेवटी ऐकायचं सोडून दिलं. आता काय, चोर झालाच ना."

मी म्हटलं, "जुनं उगाळून काय उपयोग."

२८ मार्च

धाकटीने जुन्या फ्रॉकमधला फोटो काढला कुठूनतरी. दोघी शेजाऱ्यांच्या फोनशेजारी उभ्या, रिसीव्हर दोघींच्या मध्ये. कोण बोलतंय कळत नाही. दोघींची तोंडं उघडी.

दुपारभर बोलत बसलो. बाबा, कारखान्याचा भोंगा, आईची विळी. सांगायचं संपतच नाही. अकरा वर्षं म्हणजे नुसती अकरा वर्षं नाहीत, त्याआधीचीही सगळी अडकून पडली होती.

२ एप्रिल

संध्याकाळी मास्तर आले. चौकशीतून सुटले, सोमवारपासून कामावर. पेढे आणले असतील वाटलं. हात रिकामे. आत या म्हटलं तर आले नाहीत, दारातच उभे. धाकटी आतल्या खोलीत होती. तिचा आवाज आला आणि त्यांनी चष्मा काढला.

"ताई, तेव्हाचं डिझेल मी काढत होतो. डबे मीच त्याच्या सीटखाली सरकवले."

मग म्हणाले, "तुम्ही मला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर—" आणि जिना उतरून गेले. मी त्यांना थांबा म्हटलं नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही.

उद्या हिरोला भेटायची वेळ आहे, अकरा ते बारा. मी धाकटीला म्हटलं, मी पण येते. ती म्हणाली, "तू? तू कशाला?"

अजून सांगितलेलं नाही.